चार बोटं लोखंड

रोज सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं की कवळीकाका आधी त्याच्या तोंडात बघत आणि मग पातेल्यात. दूधवाला हसतमुख होता, त्यामुळे बघायला फारसे कष्ट पडत नसत. वरचा डावा सुळा जरा पुढे आलेला, खालच्या दोन दातांत फट. काका मान हलवत, पातेलं घेऊन आत येत आणि म्हणत, "अजून काढेल काही वर्षं." दुधाबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. त्यात पाणी किती, हे काकूंचं खातं होतं.

काका कवळ्या बनवत. ते डॉक्टर नव्हते. डॉक्टर माणसाला आ करायला लावतात, आत हात घालतात, घाबरवतात. काकांकडे माणूस येतच नसे, त्याच्या जबड्याचा साचा तेवढा डब्यातून यायचा. त्यावर काका गुलाबी मेण चढवत, दात मांडत, वरचं खालच्याशी जमतंय का ते पाहत, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून, शिजवून, घासून, चकाकवून कवळी पुन्हा डब्यात ठेवून देत. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना त्यांनी चावायला लावलं होतं आणि त्यांतल्या एकालाही ते ओळखत नव्हते. एखाद्या लग्नात समोरचं कुणी खो खो हसलं, तर काका काकूंच्या कानाशी लागून एवढंच म्हणत, "आपली."

कवळीकाका हे नाव गल्लीने ठेवलेलं. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. "आधीच्या घरमालकाला डासकाका म्हणायचे," ते सांगत. "त्या मानाने मी बरा सुटलो."

काकू पडदे शिवत. पडदे, गाद्यांच्या खोळी, सोफ्याची कव्हरं. घराच्या मागच्या खोलीत एका भिंतीला त्यांचं शिलाई मशीन होतं आणि समोरच्या भिंतीला काकांची घासायची मोटर. दोन्ही चालू असली की खोलीत शब्द ऐकू येत नसे. आणि दोन्ही बंद असली तरी फारसं काही ऐकू यायचं नाही, कारण समोरासमोर बसलं की काकांना बोलायला सुचत नसे. ते काकूंच्या तोंडाकडे बघत, आणि एकदा तोंडाकडे बघितलं की त्यांचं लक्ष दातांवर जाई.

ह्या दोघांचं बोलणं व्हायचं ते मोटरसायकलवर.

लग्नानंतर लवकरच काकांनी एक काळी मोटरसायकल घेतली होती. लांब सीट, गोल दिवा, किक मारताना पोटरीला हमखास एक फटका. काका पुढे, काकू मागे, काकूंचा उजवा हात काकांच्या खांद्यावर. गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली की काका बोलायला लागत. समोर रस्ता असे, चेहरा नसे, त्यामुळे त्यांची जीभ सुटे. काकू त्यांच्या पाठीशी बोलत आणि ती पाठ चांगली ऐकून घेई. दिवस गेल्याचं काकूंनी त्यांना गाडीवरच सांगितलं होतं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा विनाकारण हॉर्न वाजवला तो तेव्हा. वडील गेले तेव्हा काका घरात रडले नाहीत. बऱ्याच दिवसांनी पुलावरच्या गर्दीत, हॉर्नच्या गोंगाटात रडले. काकूंना ते हाताखालचा खांदा हलायला लागला म्हणून कळलं. त्या फक्त "डावीकडून ट्रक येतोय," म्हणाल्या.

मग मुलगी मोठी झाली, नोकरीला दुसऱ्या शहरात गेली, गाडी म्हातारी झाली. एकदा बंद पडली, दुरुस्त झाली, पुन्हा बंद पडली, आणि मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली ती राहिलीच. दोघं बसने जाऊ लागली. बसमध्ये एकाला पुढे जागा मिळे, एकाला मागे. उतरल्यावर काका म्हणत, "गर्दी होती." काकू म्हणत, "हो." कित्येक वर्षं त्यांच्यात ह्यापेक्षा लांब बोलणं झालं नाही. भांडण म्हणाल तर तेही नव्हतं. भांडायलाही चार वाक्यं लागतात.

पुढे काका ज्यांच्यासाठी कवळ्या करत त्या डॉक्टरांनी यंत्र आणलं.

"दात छापतात म्हणे आता," काकांनी घरी येऊन सांगितलं.

"छापतात? वर्तमानपत्रासारखे?"

"तसंच काहीतरी."

"मग चावताना बातम्याही कळत असतील," काकू म्हणाल्या.

काका हसले नाहीत. उरलेलं मेण, प्लास्टर आणि गुलाबी भुकटीचं एक अख्खं पिंप घेऊन ते घरी बसले. शेजारपाजारच्यांच्या मोडक्या कवळ्या जोडून देत. बाकी वेळ दुधाकडे न बघता दूधवाल्याकडे बघत.

एकदा केस कापून आले ते हातात मासिकाचा कागद घेऊन. न्हाव्याला विचारून फाडून आणला होता. कागदावर मोटरसायकल होती. उंच उभी, मडगार्ड आखूड, सायलेन्सर खालून न जाता अंगाला घासून वर चढलेला, टायरांना चॉकलेटच्या वडीसारखे चौकोनी ठोकळे, रुंद हँडल.

"हिला स्क्रॅम्ब्लर म्हणतात," काका म्हणाले. "आपली काळी गाडी बाहेर काढतो. हिच्यासारखी करतो. घरीच."

काकूंच्या हातातला पडदा मशीनवरच थांबला. गाडी बाहेर निघणार एवढंच त्यांनी आधी ऐकलं होतं. "म्हणजे काय असते ती?"

"रस्ता संपला तरी जी थांबत नाही, ती स्क्रॅम्ब्लर."

"रस्ता संपल्यावर आपल्याला कुठे जायचंय?"

"जायचं असं नाही. पण जाता येतं."

काकूंनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि चित्र नीट पाहिलं. सीट होती. चपटी, आखूड, जेमतेम एका माणसाची. तिच्या मागे लगेच चाक होतं.

"ह्यात मागे बसायला काही दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"तशी पद्धतच असते," काका म्हणाले आणि ताडपत्री काढायला अंगणात गेले.

काकूंनी पुन्हा मशीन सुरू केलं. त्या दिवशीचा पडदा त्यांनी उलटा शिवला आणि उसवून परत शिवला. त्यांना गाडीची हौस नव्हती. त्यांना ती सीटच्या मागच्या अर्ध्या भागाएवढीच हवी होती, आणि नेमका तेवढाच भाग जाणार होता. तो गेला की काका दिवसभर गाडीवर आणि त्या दिवसभर मशीनवर, आणि मग जे काही बोलायचं राहिलंय ते राहिलंच. हे सांगायचं तर गाडीवर बसून सांगायला हवं होतं, आणि गाडी तर खोलून ठेवलेली.

इंजिन तेवढं गॅरेजवाल्याकडून चालू करून घेतलं आणि बाकीच्या कामाला काका स्वतः लागले. आयुष्यात त्यांनी मोटरसायकलचं काम केलं नव्हतं, पण कामाची त्यांची एक रीत होती आणि ती त्यांनी गाडीलाही लावली. कवळी असो की गाडी, आधी साचा. टाकीचा साचा घेतला. दिव्याच्या मागच्या जागेचा घेतला. मग मेणाचा तुकडा, तो पातळ चाकूने तासत तासत बेतायचा, आणि मनासारखा झाला की मेणाच्या जागी प्लास्टिक. बाजूची दोन झाकणं, दिव्याचा आधार, पुढचं आखूड मडगार्ड, सगळं त्यांनी पिंपातल्या भुकटीचं केलं. आत तारेची जाळी घातली, म्हणजे तडकायला नको. ज्या भांड्यात कवळ्या शिजत त्यात झाकणं मावेनात, म्हणून आंघोळीचं पाणी तापवायचं पातेलं पळवलं. काकूंनी गार पाण्याने आंघोळ केली.

सगळे भाग गुलाबी झाले. तोंडाच्या आतला असतो तो गुलाबी. काकांच्या हे लक्षातच आलं नाही. तो रंग त्यांनी इतकी वर्षं पाहिला होता की त्यांच्या लेखी तो रंग उरलाच नव्हता.

समोरच्या दुकानातला वेल्डर बघायला आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं.

"काका, गाडीला हिरड्या आल्यात."

"कुठे?"

"सगळीकडे."

"मजबूत आहेत," काका म्हणाले. "ओढून बघ."

वेल्डरने ओढून बघितलं. मजबूत होत्या.

सीटसाठी काकांनी मेणाचे पत्रे कोमट पाण्यात मऊ केले, स्टुलावर अंथरले, वर ओला कपडा टाकला आणि स्वतः त्यावर बसले. जबड्याचा साचा घेताना माणसाने हलायचं नसतं, म्हणून ते हलले नाहीत. काकू शेजारी बसून पडद्याला कड्या शिवत होत्या. नवरा स्टुलावर डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, ध्यानाला बसल्यासारखा बसलेला. मग उठले आणि मेणातल्या आपल्याच ठशाकडे प्रेमाने बघितलं.

"बघ. अशी सीट बाजारात मिळणार नाही. बसलं की बसलंच."

काकूंनी पाहिलं. मेणात एकच माणूस उमटला होता, आणि तो अगदी हुबेहूब होता.

"हिला खोळ तूच शिव," काका म्हणाले. "तुझा हात बसलाय."

"बघू," काकू म्हणाल्या.

राहिलं होतं ते मागचं कापणं. लांब सीट ज्या लोखंडी सांगाड्यावर टेकायची, त्याचा मागचा भाग कापून टाकला की गाडी चित्रातल्यासारखी दिसणार होती. काकांनी काकूंचा कापडावर खुणा करायचा चपटा खडू मागून घेतला, कारण त्याची रेघ बारीक येते. पट्टीने मोजलं, पुन्हा मोजलं, दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर एकेक बारीक पांढरी रेघ ओढली आणि खडू परत दिला. एकदा खूण केली की काका परत मोजत नसत. "खुणेवर संशय घेतला की हात कापतो," असं त्यांचं मत होतं. आणि त्यांची खूण आजवर चुकली नव्हती, हेही तितकंच खरं.

जेवण झाल्यावर काका आडवे झाले. काकू अंगणात गेल्या. खडू हातातच होता. त्यांनी दोन्ही रेघा पदराने पुसल्या. गुन्हा करताना माणूस जसा इकडेतिकडे बघतो तसं इकडेतिकडे बघितलं. अंगणात एक नळ होता आणि तो ठिबकत होता. त्यांना रेघ मागे वीतभर न्यायची होती. हात ठेवला, वीत पसरली, आणि त्यांना धीर झाला नाही. एवढं सरकवलं तर आंधळ्यालाही कळेल. त्यांनी अंगठा मिटला, चार बोटं सरळ जोडून नळीवर ठेवली आणि बोटांच्या पलीकडे नवी रेघ ओढली. मग दुसऱ्या बाजूला. मग आत जाऊन चहा टाकला आणि त्यात साखर दोनदा घातली.

संध्याकाळी गाडी ढकलत वेल्डरच्या दुकानात नेली. काका शेजारी उभे राहिले, रेघेकडे बघितलं, मान हलवली. ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या, मागचा कमानीसारखा तुकडा खाली पडला. काकांनी तो उचलून घरी आणला आणि कोपऱ्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सीट बसवली. पुढे अगदी नखही जाणार नाही अशी बसली. मागे मात्र सांगाडा सीटच्या बाहेर आला होता. दोन्ही बाजूंना चार बोटं लोखंड उघडं.

काकांनी सीट काढली आणि पुन्हा ठेवली. पट्टी आणली. सीट मोजली, सांगाडा मोजला. चष्मा पुसला. पट्टीच तपासून पाहिली, दुसऱ्या पट्टीशी लावून.

वेल्डर म्हणाला, "काका, चार बोटं म्हणजे काय मोठं? आत्ता उडवतो."

"नको."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"काम दोन मिनिटांचं आहे. पण मी चुकलो कुठे ते कळल्याशिवाय पुढचं कशाच्या भरवशावर करू?"

काकांनी गाडीवर ताडपत्री टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं. काकांनी दार उघडलं, पातेलं पुढे केलं, दूध घेतलं, आणि त्याच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. दूधवाल्याने काकूंना हळूच विचारलं, "काका बरे आहेत ना? माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही," काकू म्हणाल्या.

पलीकडच्या घरातले निवृत्त पोस्टमन तडकलेली कवळी रुमालात बांधून घेऊन आले. काकांनी रुमाल उघडला, बघितलं आणि परत बांधला. "दुसऱ्या कुणाकडे द्या. माझ्या मापावर आता भरवसा राहिला नाही."

पोस्टमनच्या तोंडात दात नव्हते, त्यामुळे ते काय म्हणाले ते नीट कळलं नाही. पण त्यांचा चेहरा पडलेला काकूंना दिसला. आणि त्यापेक्षा जास्त दिसला तो काकांचा हात. मोटरवर ठेवलेला, मोटर बंद असताना.

काकूंनी मशीन थांबवलं. नवऱ्याची गाडी अडवणं वेगळं आणि त्याचा हात अडवणं वेगळं. दुसरं त्यांना झेपणारं नव्हतं.

"अहो, जरा गाडीवर बसा," त्या म्हणाल्या. "खोळीचं माप घ्यायचंय."

"आता कशाला खोळ?"

"मी शिवणार आहे ना? मग बसा."

काका अंगणात आले. काकूंनी ताडपत्री काढली. गाडी दोन पायांच्या स्टँडवर भक्कम उभी होती. काका सीटवर बसले, सवयीने दोन्ही हात हँडलवर गेले. काकूंनी पडद्याच्या कापडाची जाड घडी केली, मागच्या उघड्या लोखंडावर ठेवली, काकांच्या खांद्याला धरून पाय पलीकडे टाकला आणि बसल्या. चार बोटांच्या जागेत माणूस बसत नाही. त्या टेकल्या होत्या, एवढंच. उजवा हात त्यांनी खांद्यावर ठेवला.

"तू कशाला बसलीस?" काका मान वळवायला लागले.

"पुढे बघा."

काका पुढे बघायला लागले. पुढे भिंत होती आणि नळ.

"ती खूण मी सरकवली," काकू म्हणाल्या.

नळ ठिबकला. मग पुन्हा ठिबकला.

"किती?" काकांनी विचारलं.

"चार बोटं."

"कुणाची?"

"माझी. आणखी कुणाची असणार?"

काकांनी खांद्यावरचा हात काढून पुढे घेतला. खिशातली पट्टी काढली, बोटं जुळवून त्यांच्यावर आडवी धरली, डोळे बारीक करून आकडा वाचला. मग हात होता तसा परत खांद्यावर ठेवला.

"बरोबर," ते म्हणाले. त्यांच्या पाठीतलं काहीतरी सैल झालं. "म्हणजे माझं माप चुकलं नव्हतं."

"तुमचं माप कधी चुकतं? तेच तर दुखणं आहे."

"पण चार बोटांत कोण बसणार होतं?"

"वीतभर सरकवणार होते. धीर चार बोटांचाच झाला."

"तरी चार बोटांत..."

"तुम्ही जरा पुढे सरकला असतात."

काकांनी ह्यावर विचार केला. बसल्या बसल्या थोडं पुढे सरकून पाहिलं. सीट त्यांच्याच साच्याची होती, ती त्यांना सरकू देईना.

"सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"विचारायचं होतंत. जन्मभर वरची-खालची जोडीने केलीत, आणि गाडी तेवढी एका जबड्याची?"

काकांनी हँडलवरची धूळ अंगठ्याने पुसली. काकूंना वाटलं, संपलं बोलणं. मग ते म्हणाले, "सीट उंच होणार. तुझे गुडघे दुखतात. तुला विचारलं असतं आणि तू म्हणाली असतीस, आता नाही हो जमायचं, तुम्ही जा..."

"मग?"

"मग ते ऐकावं लागलं असतं. म्हणून म्हटलं, जागाच नको. जागा नसली की नाही म्हणायलाही कुणी नको."

"म्हणजे मी नाही म्हणेन म्हणून तुम्हीच आधी नाही म्हणालात."

"असं नीट सांगितलं की मूर्खपणाचं वाटतं," काका म्हणाले.

"नाही सांगितलं तरी तसंच आहे."

मग ते बोलत राहिले. यंत्राबद्दल बोलले, रिकामं बसायला लागल्यापासून सकाळ केवढी मोठी झालीय त्याबद्दल बोलले. काकूंनी त्यांना मुलीच्या नव्या घराचं सांगितलं, जे त्यांना माहीतच नव्हतं, कारण मुलगी फोन आईला करी आणि आई-बाबा बसने जात. ऊन भिंतीवरून उतरलं. पोस्टमन रुमाल घेऊन पुन्हा आले होते. दोघं उभ्या गाडीवर बसलेली पाहून ते कुंपणापाशीच थांबले.

"कुठे निघालात?"

"आलो परत," काका म्हणाले. "कवळी ठेवून जा. उद्या देतो."

वेल्डरला कापलेला तुकडा परत जोडायला सांगितला तेव्हा त्याने कमरेवर हात ठेवले. "काका, काल कापा, आज जोडा. आमचं दुकान आहे की शिवणक्लास?"

"आत नळीत नळी घालून जोड. मागे माणूस बसणार आहे."

"अहो, मग ती स्क्रॅम्ब्लर कुठे राहिली? बाकडं झालं."

"बाकडं चालतं का?"

"चालायचं नाही."

"ही चालेल," काका म्हणाले.

त्यांनी पुन्हा मेण मऊ केलं, स्टुलावर अंथरलं आणि काकूंना म्हणाले, "बस."

"इश्श! काहीतरीच."

"त्यात काय लाजायचं? इतकी वर्षं लोकांचे जबडे टेबलावर मांडून बसलोय."

"हा जबडा नाही."

"हलू नकोस म्हणजे झालं."

काकू हलल्या. दोनदा हसू आलं म्हणून हलल्या, एकदा दूध उतू जाईल म्हणून उठल्याच. तिसऱ्या वेळी साचा मिळाला. सीट दोन खळग्यांची झाली, तिला काकूंनी गडद तपकिरी जाड कापडाची खोळ शिवली, शिवणीत नेहमीपेक्षा जास्त माया ठेवून, म्हणजे बसून बसून ताणली तरी उसवायला नको. चित्रातल्यासारखा वर वळवून घेतलेला सायलेन्सर काकूंच्या पोटरीशी येत होता, म्हणून त्यावर काकांनी आणखी एक जाळीचं झाकण बसवलं. चढण्यासाठी एक जास्तीची पायरी वेल्डरने लावून दिली आणि त्याबद्दल तीन टोमणे मारले.

मुलीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"बाबा, गुलाबी?"

"काय गुलाबी?"

"बरं, आईला द्या. आई, तू ह्या वयात मागे बसणार?"

"मग काय पुढे बसू?" काकू म्हणाल्या.

पहिल्या फेरीला ते शेवटच्या घरांच्या पलीकडे गेले. तिथे डांबर एकदम संपतं आणि कालव्याच्या कडेने नुसती माती जाते. डांबर संपलं तशी काकांनी गाडी थांबवली.

"थांबलात का?"

"रस्ता संपला."

"मग ही गाडी केली कशासाठी?"

काकांना हे पटलं. त्यांनी गिअर टाकला. गाडी मातीत उतरली, थोडी पुढे गेली, कालव्याचं पाणी झिरपून झालेल्या चिखलात शिरली आणि एखादं थकलेलं जनावर बसावं तशी सावकाश आडवी झाली. दोघंही तिच्याबरोबर आडवी झाली. टायर बिचारे फिरत राहिले.

"मोडलं का काही?" काकांनी पडल्या पडल्या विचारलं.

"गाडीचं?"

"तुझं."

काकूंनी हात, पाय, गुडघे एकेक करून हलवून पाहिले. "नाही."

"मग गाडीचं बघतो."

गाडीचंही काही मोडलं नव्हतं. हिरड्या खरंच मजबूत होत्या.

त्यानंतर ती गाडी दोघांनी चांगली वापरली. काकूंचे शिवलेले पडदे पोचवायला, डोळे तपासायला, आणि पुष्कळ वेळा कुठेच नाही, फक्त कालव्याच्या कडेने. लोक वळून बघत. काका म्हणत, लोक इंजिनाच्या आवाजामुळे बघतात. काकूंनी त्यांना खरं सांगितलं नाही. काकांचं बोलणं इतकं वाढलं की एकदा काकूंनाच म्हणावं लागलं, "अहो, जरा रस्त्याकडे पण बघा." घरात मात्र ते पूर्वीसारखेच गप्प असत. तिथे गप्प असण्यात आता कुणाची काही तक्रार नव्हती.

काका गेले ते एका साध्या दुपारी. सकाळी ते प्लास्टर आणायला दुकानात गेले होते. काकू बाहेर पडदे बसवायला गेल्या. त्या परत आल्या तेव्हा गाडी अंगणात नीट उभी होती, गोणी भिंतीशी टेकवून ठेवलेली, आणि काका मागच्या खोलीत खुर्चीत बसलेले, मान जरा एका बाजूला. काकूंना आधी वाटलं, डोळा लागलाय. म्हणून त्यांनी मशीन सुरू केलं नाही.

लोक भेटायला आले. वेल्डर दाराशी उभा राहिला आणि त्याला एकही टोमणा सुचला नाही. दूधवाला आला तो हसला नाही, त्यामुळे काकूंना तो चटकन ओळखू आला नाही. मुलगी आली. रात्रीच्या प्रवासाने तिचे डोळे सुजले होते. ती आईच्या शेजारी बसली आणि सगळे विचारत होते तेच तिनेही विचारलं, "आई, बाबा शेवटचं काय बोलले?"

सगळ्यांना वाटलं, काहीतरी असेल. इतक्या वर्षांच्या संसाराला शोभेल असं काही. काकूंनी आठवून पाहिलं. फार आठवावं लागलं नाही. त्या सकाळी काकूंना त्यांच्याबरोबर जायचं नव्हतं, कारण पडद्यांच्या घरून त्यांना न्यायला माणूस येणार होता. काकांनी गाडी सुरू करून फाटकाशी नेली होती. मग ती तशीच चालू ठेवून, हातात दोरी घेऊन ते परत आत आले होते, दारात उभे राहिले होते आणि म्हणाले होते,

"अगं, तू येत नसशील तर तुझ्या जागेवर प्लास्टरची गोणी बांधू का?"